हिरवळ हिंवाळ्यांत पिवळी कां पडते?

दिवाळी उलटून महिना-दीड महिना झाला आणि पहांटेच्या गारठ्याला धार आली, कीं पुणें, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांतील बंगल्यांच्या आवारांत आणि गृहसंकुलांच्या बागांत दरवर्षीं एक तक्रार ऐकूं येते. दिल्लीकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तर ती अधिकच ऐकूं येते. पावसाळ्यांत पाचूसारखी दिसणारी हिरवळ हळूहळू निस्तेज होते. प्रथम तिची तकाकी जाते, मग पात्यांचीं टोंकें पिवळीं पडतात, आणि जानेवारीच्या मध्याला पटांगणावर वाळक्या पेंढ्याची छटा येते. घरधनी माळ्याला दोष देतो, माळी पाण्याला देतो, आणि मग दोघे मिळून उपाय योजतात. पाण्याची नळी दुप्पट वेळ चालू राहते. युरियाच्या मुठी फेंकल्या जातात. कोणी कीड पडली असें समजून औषध फवारतो. आणि एवढ्यानेंहि रंग परतला नाहीं, म्हणजे सगळी हिरवळ उपटून नवी लावण्याचा बेत ठरतो. हा खर्च, हें पाणी आणि हे श्रम बहुधा अशा वनस्पतीवर वायां जातात, कीं जी आजारी नाहीं, उपाशी नाहीं आणि मेलेली तर मुळींच नाहीं. ती विसांवा घेत असते. ज्या शहरांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची चणचण भासते, तेथें निजलेल्या गवताला हिंवाळाभर पाणी पाजणें हा कांहीं लहानसा अपव्यय नव्हे. म्हणून या रंगबदलाचें खरें कारण समजून घेणें हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाहीं.

या प्रश्नांत एक घोटाळा नेहमीं होतो. तो आधीं दूर केला पाहिजे. सह्याद्रीच्या उतारांवरील व देशावरच्या माळरानांवरील गवतहि याच सुमारास पिवळें होतें. तें पाहून बागेंतील गवताचें दुखणेंहि तेंच असावें, असा समज होतो. परंतु डोंगरावरचें पिवळेपण तहानेचें आणि वयाचें असतें. पाऊस थांबला, मातींतील ओल उडाली, कीं त्यांतील वर्षायु गवतें बीं टाकून आपला संसार आटोपतात, आणि बहुवर्षायु गवतांचीं वरचीं पातीं वाळून जातात. बागेंतील हिरवळीला मात्र नळाचें पाणी रोज मिळत असतें. तिला तहान नाहीं. हें पडताळून पाहण्यास दूर जावयास नको. एकाच जातीचें गवत मुंबईस, पुण्यास आणि दिल्लीस लावलें व तिन्हीं ठिकाणीं सारखेंच पाणी घातलें, तरी मुंबईचें गवत हिंवाळाभर बहुतांशीं हिरवें राहतें, पुण्याचें अर्धेंमुर्धें पिवळें होतें आणि दिल्लीचें त्याहून पुष्कळ अधिक. जानेवारी महिन्यांत रात्रींच्या किमान तापमानाची सरासरी मुंबईच्या उपनगरांत सुमारें १६ ते १७ अंश सेल्सिअस, पुण्यास सुमारें ११ अंश व दिल्लीस सुमारें ७ अंश असते. पाणी तेंच, गवत तेंच. रात्र मात्र वेगळी. गुन्हेगार शोधावयाचा तो या रात्रींत.

आतां हें गवत कोणतें, तें पाहूं जातां एक ओळखीचें नांव पुढें येतें. शहरांतील पुष्कळशा हिरवळी ज्या गवताच्या असतात, तें म्हणजे शेतकऱ्याला नकोशी वाटणारी आणि गणपतीला आवडणारी हरळी, म्हणजेच दूर्वा. वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव सायनोडॉन डॅक्टिलॉन. उत्तर हिंदुस्थानांत तिला दूब म्हणतात आणि अमेरिकेंत बर्म्युडा ग्रास या नांवानें ती मैदानांवर व अंगणांत लावली जाते. राष्ट्रपतिभवनाच्या ज्या उद्यानाला २०२३ पासून अमृत उद्यान हें नांव मिळालें, तेथील हिरवळहि याच दुबेची आहे. हिरवळीसाठीं लावलें जाणारें दुसरें गवत, ज्याला बागवान कोरियन गवत किंवा मेक्सिकन गवत म्हणतात, तें झॉयसिया वंशांतील. त्याचाहि स्वभाव या बाबतींत हरळीसारखाच आहे.

हरळी उष्ण प्रदेशाची लेक आहे. २७ ते ३५ अंश तापमानांत ती सर्वांत जोमानें वाढते. उलट इंग्लंडांतील हिरवळी राय, फेस्क्यू अशा थंड हवेच्या गवतांच्या असतात. त्यांना १५ ते २४ अंश तापमान मानवतें. घरापुढें बारमहा हिरवेंगार, बारीक कापलेलें पटांगण असावें, ही कल्पना इंग्रजांबरोबर इकडे आली. कल्पना आली, पण तिच्याबरोबरचें हवामान आलें नाहीं, आणि म्हणून तिच्याबरोबरचें गवतहि येथें टिकलें नाहीं. इंग्रजी कल्पनेच्या पूर्तीसाठीं देशी हरळी उभी राहिली. उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत तिनें ती कामगिरी उत्तम बजावली. मात्र हिंवाळ्यांतहि तिनें इंग्लंडच्या गवतासारखें वागावें, ही अपेक्षा तिच्या जातीला धरून नाहीं.

गवतांमधील हा जातिभेद पाहावयाचा असेल, तर जानेवारींत आगगाडीनें दिल्लीकडे जाणाऱ्या प्रवाशानें खिडकीबाहेर नजर टाकावी. स्टेशनच्या आवारांतील हरळी मलूल पिवळी झालेली असते, आणि रुळांपलीकडे गव्हाचीं शेतें गर्द हिरवीं डोलत असतात. गहूं हेंहि शेवटीं एक गवतच. थंडी दोघांना सारखीच. ती एकाला मानवते आणि दुसऱ्याला मानवत नाहीं. नाशिक-निफाडकडील रब्बीच्या गव्हालाहि हीच थंडी हवी असते. थंडी लांबली तर शेतकरी आनंदतो आणि त्याच तालुक्यांतील बंगलेवाला आपल्या हिरवळीकडे पाहून सुस्कारा टाकतो.

एका गवताला जी थंडी पोषक, ती दुसऱ्याचा रंग कां उतरवते, हें समजण्यासाठीं प्रथम पानाच्या रंगाकडे वळलें पाहिजे. पानाचा हिरवा रंग भिंतीला दिलेल्या रंगासारखा एकदां लावला आणि राहिला, असा नसतो. हरितद्रव्य सतत मोडत असतें आणि सतत नवें घडत असतें. सूर्यप्रकाश पकडण्याचें काम तें करतें, आणि त्या कामांतच त्याची झीज होते. जोंपर्यंत घडण मोडीच्या बरोबरीनें चालते, तोंपर्यंत पान हिरवें दिसतें. घडण मंदावली किंवा मोड वाढली, कीं हिरवेपणा उणा होऊं लागतो.

मग पिवळा रंग येतो कोठून? तो येत नसतो. तो पहिल्यापासून तेथेंच असतो. हरितद्रव्याच्या जोडीला पानांत पीतद्रव्येंहि असतात. गाजराला रंग देणारें कॅरोटीन हें त्यांच्याच कुळांतलें. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खडूची बारीक पूड भरलेल्या नळींतून पानांचा अर्क सोडला, तेव्हां त्या एकाच हिरव्या अर्काचे हिरवे आणि पिवळे असे निरनिराळे पट्टे नळींत उतरले. हिरव्या पानांत पिवळें लपलेलें असतें, हें त्यावरून डोळ्यांना दिसलें. हीं पीतद्रव्यें हरितद्रव्यापेक्षां अधिक चिवट असतात. हिरवें ओसरलें, कीं खालचें पिवळें उघडें पडतें. तलावाचें पाणी उतरल्यावर तळचे खडक दिसूं लागावेत, तसेंच हें घडतें.

आतां खरा प्रश्न: थंडींत हरळीच्याच हरितद्रव्याला एवढी ओहोटी कां लागते? याचें उत्तर हरळी आपलें अन्न ज्या रीतीनें तयार करते, त्या रीतींत आहे. सर्व हिरव्या वनस्पति हवेंतील कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, घेऊन सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याची साखर बनवतात. ही क्रिया कोणत्या पायऱ्यांनीं घडते, याचा शोध मेल्विन कॅल्व्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लावला, आणि त्याबद्दल कॅल्व्हिन यांना १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कर्बवायु पकडल्यावर प्रथम तीन कर्बाणूंचा एक पदार्थ तयार होतो, असें त्यांना आढळलें. सर्व वनस्पतींची रीत हीच असावी, असें तेव्हां वाटत होतें. परंतु हवाई बेटांतील ऊस-संशोधकांना उसाच्या पानांत कांहीं निराळेंच आढळलें व तें त्यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं, १९६६ सालीं, ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें हॅच आणि स्लॅक या दोघांनीं त्या निराळ्या वाटेचा नीट उलगडा केला. उसांत कर्बवायूपासून प्रथम चार कर्बाणूंचीं आम्लें बनतात. तीं पानाच्या शिरांभोंवतालच्या खास पेशींत नेलीं जातात, आणि तेथें त्यांतून कर्बवायु पुन्हां मोकळा होऊन मग त्याची साखर होते. ऊस, मका, ज्वारी, बाजरी आणि हरळी हीं सर्व या दुसऱ्या पंथाचीं. वनस्पतींच्या एकूण जातींपैकीं या पंथाच्या जाती सुमारें तीन टक्केच आहेत. पण उष्ण प्रदेशांतील माळरानांवर राज्य त्यांचेंच असतें.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठीं? कर्बवायु पकडणारा जो मुख्य कारागीर आहे, त्याचें नांव रुबिस्को. हें एक एन्झाइम आहे. म्हणजे पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणारा प्रथिनाचा घटक. या कारागिराला एक खोड आहे. उन्हाळा वाढला, कीं तो कर्बवायूऐवजीं प्राणवायूच अधिकाधिक वेळां उचलतो, आणि मग केलेल्या कमाईंतील बराच भाग ती चूक निस्तरण्यांत खर्ची पडतो. गहूं आणि भात यांना हा तोटा सोसावा लागतो. ऊस आणि हरळी यांनीं त्यावर तोड काढली ती अशी, कीं कर्बवायु आंतल्या खोलींत दाटीवाटीनें कोंडावा आणि कारागिराला दुसरें कांहीं उचलण्याची संधीच ठेवूं नये. त्यासाठीं जादा शक्ति लागते. पण वैशाखाच्या उन्हांत शक्तीला काय तोटा? म्हणूनच मे महिन्यांत, थोडेंसें पाणी मिळतांच, हरळी जशी वाढते तसें दुसरें गवत वाढत नाहीं.

परंतु उन्हासाठीं उभारलेला हा कारखाना थंडींत कुंठित होतो. एन्झाइमांचें काम तापमानावर किती अवलंबून असतें, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. उन्हाळ्यांत रात्रीं लावलेलें विरजण पहांटेपर्यंत दह्याचा घट्ट गोळा करून ठेवतें, आणि तेंच विरजण, तेंच दूध, हिंवाळ्यांत सकाळीं पाहावें तों पातळ! तेथील काम सूक्ष्म जीव करतात. पण तेहि एन्झाइमांच्याच द्वारां. हरळीच्या जादा पायऱ्यांतील एक एन्झाइम तर थंडीला विशेषच भितें. त्याचें नांव पायरुव्हेट फॉस्फेट डायकायनेज. चार भाग एकत्र जुळून तें बनतें, आणि या पंथांतील अनेक वनस्पतींत तापमान सुमारें १२ अंशांच्या खालीं गेलें, कीं त्याची जुडी सुटूं लागते. शिवाय कर्बवायु कोंडून ठेवण्याची सोय असल्यामुळें या वनस्पति रुबिस्को बेताचाच बाळगतात. उन्हाळ्यांत थोड्या कारागिरांत भागतें. थंडींत प्रत्येकाचा हात मंदावला, कीं तेच थोडे कारागीर अपुरे पडतात.

दुसरा आघात पेशींच्या पापुद्र्यांवर होतो. पेशींतील हे पातळ पडदे मेदाचे असतात, आणि त्यांचें काम चालावयाचें तर तो मेद थोडा प्रवाही राहावा लागतो. खोबरेल तेलाची बाटली हिंवाळ्यांत थिजते आणि करडईचें किंवा तिळाचें तेल थिजत नाहीं, हा घरोघरचा अनुभव आहे. गव्हासारख्या थंड हवेच्या वनस्पति थंडीची चाहूल लागतांच आपल्या पडद्यांत न थिजणाऱ्या मेदाचें प्रमाण वाढवतात. हरळीलाहि हें थोडेंफार साधतें, पण तितकें नाहीं. पडदे ताठरले, कीं त्यांत बसवलेल्या यंत्रांची देवाणघेवाण अडखळते.

तिसरा आघात सर्वांत चमत्कारिक. तो उन्हाचा आहे. डिसेंबर-जानेवारींत दख्खनचें आकाश निरभ्र असतें. रात्र गारठलेली, आणि सूर्य वर येतांच लख्ख ऊन. आतां हरितद्रव्याचें प्रकाश पकडण्याचें काम थंडीमुळें थांबत नाहीं. थांबतें तें पकडलेल्या प्रकाशाचा उपयोग करणारें पुढचें काम. गिरणीच्या चात्यांत धान्य ओतलें जात आहे आणि जातें मात्र फिरत नाहीं, अशी ही अवस्था होते. वापरली न गेलेली शक्ति प्राणवायूला चेतवते, आणि तो चेतलेला प्राणवायु हरितद्रव्यालाच जाळूं लागतो. तिकडे नव्या हरितद्रव्याची घडणहि थंडीनें मंदावलेली असते. म्हणजे मोड वाढली आणि घडण घटली. म्हणूनच थंड रात्रीनंतरची स्वच्छ उन्हाची सकाळ हिरवळीला ढगाळ सकाळीपेक्षां अधिक बाधते.

तथापि हा केवळ नाशच असतो, असें समजूं नये. त्यांत वनस्पतीचा शहाणपणाहि आहे. थंडी वाढूं लागली, कीं हरळीची वाढ प्रथम थांबते. साखर बनवण्याचें काम त्यानंतरहि कांहीं दिवस थोडेंफार चालू राहतें. कमाई चालू आणि खर्च बंद, अशा या दिवसांत शिल्लक पडते ती साखर व पिष्ट जमिनीलगतच्या धांवत्या कांड्यांत आणि जमिनीखालच्या कांड्यांत सांठवलें जातें. महाराष्ट्रांतील वाचकांना या गोष्टीचा मोठा दाखला शेतांतच मिळेल. हरळीचा सगोत्र जो ऊस, त्याचीहि वाढ पावसाळा संपून थंडी पडूं लागतांच मंदावते, आणि वाढीवर खर्च न झालेली साखर कांड्यांत उतरते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम याच दिवसांत असतो, त्याचें एक मोठें कारण हेंच. उसानें थंडींत सांठवलेली साखर माणूस नेतो. हरळीनें सांठवलेली हरळीपाशींच राहते आणि वसंतांत तिच्या कामीं येते.

पानाची आवराआवरहि अशीच हिशेबी असते. पानांतील प्रथिनांत नत्र असतो, आणि नत्र ही वनस्पतीच्या जगांत दुर्मिळ वस्तु आहे. पान टाकण्यापूर्वीं शक्य तेवढा नत्र काढून घेऊन तो कांड्यांत पाठवला जातो. परंतु हरितद्रव्याला धरून असलेलीं प्रथिनें मोडण्यापूर्वीं तें हरितद्रव्य निकामी करावें लागतें, नाहीं तर तें मोकाट सुटून पेशीची हानि करील. घर सोडतांना शहाणा माणूस आधीं चूल विझवतो आणि मग भांडीं बांधतो, तोच हा क्रम. थंडी हळूहळू वाढली तर ही आवराआवर पुष्कळशी पुरी होते. एकाच रात्रीं दंव गोठण्याइतकी थंडी पडली, तर तेवढा वेळ मिळत नाहीं आणि पान जागच्या जागीं मरून पेंढ्यासारखें होतें. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पहिल्या हिमतुषारानंतर हिरवळी एकदम गवती रंगाच्या होतात, त्या यामुळें. महाराष्ट्रांत अशी वेळ क्वचितच येते. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या परिसरांत दंव गोठल्याचें वृत्त कांहीं वर्षीं येतें, तेवढेंच.

येथें पुष्कळांना एक शंका येईल. वर्तमानपत्रांत शहराचें किमान तापमान ११ अंश छापून येतें. मग त्याच शहरांतील एक हिरवळ पिवळी आणि शेजारची हिरवी, असें कां? याचें उत्तर असें, कीं वेधशाळेचें तापमान जमिनीपासून सुमारें सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटींत ठेवलेल्या तापमापकावर घेतलें जातें. निरभ्र, निवांत रात्रीं गवताची पात आपली उष्णता थेट आकाशाकडे फेंकत असते, आणि ती भोंवतालच्या हवेपेक्षां तीन-चार अंशांनीं, कधीं त्याहूनहि अधिक, थंड होते. म्हणूनच हवामानखातें कित्येक ठिकाणीं गवताच्या उंचीवरील किमान तापमानाची नोंद स्वतंत्रपणें ठेवतें. पेटींत ११ अंश असतां गवतावर सात-आठ अंश असूं शकतात. विरळ पालवीच्या झाडाखालीं मात्र ही उष्णता आकाशाकडे तितकी जात नाहीं. तेथील गवत अधिक दिवस हिरवें राहतें. दिवसभर ऊन खाल्लेल्या दक्षिणाभिमुख भिंतीच्या पायथ्याशींहि तोच अनुभव येतो. उलट मोकळ्या मैदानाचा मध्य आणि थंड हवा जेथें सांचते असा सखल भाग हे आधीं पिवळे पडतात. बागेंतील हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा हा नकाशा म्हणजे रात्रींच्या गारठ्याचाच नकाशा होय.

अर्थात् प्रत्येक पिवळेपण थंडीचेंच असतें, असें नाहीं. नत्राची वाण असेल तर खालचीं जुनीं पानें आधीं पिवळीं पडतात आणि तें कोणत्याहि ऋतूंत होतें. लोहाची वाण असेल तर उलट कोंवळीं पानें फिकट होतात, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनींत हें विशेष दिसतें, आणि गार मातींत मुळें मंदावल्यामुळें तें वाढतें. पाण्याची वाण असेल तर पात दुमडते, तिच्यावर निळसर-करडी झांक येते आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात. बुरशी असेल तर गोल गोल चट्टे पडतात. थंडीचें पिवळेपण मोकळ्या जागीं सर्वत्र पसरलेलें असतें, टोंकांपासून सुरू होतें, आणि त्याच्या आधीं कांहीं थंड रात्री होऊन गेलेल्या असतात.

गवत मेलें कीं निजलें, हें ठरवण्याची परीक्षाहि सोपी आहे. जमिनीलगतचें एक कांडें नखानें सोलून पाहावें. तें आंतून पांढरें किंवा हिरवट, ओलसर आणि टणक असेल, तर गवत जिवंत आहे. तपकिरी, पोकळ व ठिसूळ असेल, तर तेवढा भाग गेला. याहून खात्री हवी असेल, तर हातभर जागेंतून मुळांसकट एक ढेकूळ काढून कुंडींत लावावें. दिवसा उन्हांत आणि रात्रीं घरांत उबेला ठेवावें. दोन-तीन आठवड्यांत त्यावर हिरवे कोंब फुटले, तर बाहेरची सारी हिरवळहि जिवंत आहे असें समजावें. एका कुंडीचा हा प्रयोग सगळें अंगण खणण्याचा खर्च वांचवतो.

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत. पाणी बंद करूं नये, पण बेतानें द्यावें. माती अगदीं भुगा होणार नाहीं एवढेंच. तें सकाळीं द्यावें. संध्याकाळीं दिलेलें पाणी रात्रभर पात्यांवर राहून बुरशीला आमंत्रण देतें. नत्राचें खत थंडी पडण्याच्या सुमारें सहा आठवडे आधीं थांबवावें. थंडींत घातलेला युरिया निजलेलें गवत घेऊं शकत नाहीं; तो तणांना पोसतो किंवा पाण्याबरोबर खालीं वाहून जातो. दिवाळीनंतर गवत एरवींपेक्षां थोडें उंच ठेवून कापावें. उंच पात जमिनीची ऊब धरून ठेवते. लोहाची वाण खरोखरीच असेल तर हिराकशीचें सौम्य पाणी फवारल्यानें रंग कांहींसा सुधारतो. मात्र फरशीवर त्याचे गंजके डाग पडतात, हें लक्षांत असावें. बारमहा हिरवेपणाचाच आग्रह असेल, तर हरळीवर थंडीच्या तोंडीं राय गवताचें बीं पेरण्याची रीत आहे. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत ऑगस्टा येथील प्रसिद्ध गोल्फ मैदान वसंतांतील सामन्यांच्या वेळीं जें हिरवेंगार दिसतें, तें निजलेल्या बर्म्युडा ग्रासवर पेरलेल्या राय गवतामुळें. परंतु त्याला पाणी, खत आणि कापणी हिंवाळाभर लागते. कित्येक ठिकाणीं तर पिवळ्या हिरवळीवर चक्क हिरवा रंग फवारतात! घरगुती बागेला यांपैकीं एकाचीहि गरज नाहीं.

फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री उबदार होऊं लागल्या, कीं वरचा वाळका थर बुटका कापून उचलून टाकावा, म्हणजे ऊन थेट मातीवर पडून ती लवकर तापते. रात्रींचें तापमान १५-१६ अंशांच्या वर टिकूं लागलें, म्हणजे कांड्यांच्या प्रत्येक पेरावरून कोंब उठतात, आणि खत द्यावयाचें तें तेव्हां. होळीच्या सुमारास पाहावें, तों ज्या गवताला मेलेलें ठरवून उपटण्याचा बेत चालला होता, तेंच सांठवलेल्या साखरेवर पुन्हां उभें राहिलेलें असतें. ज्या घडणीमुळें हरळी डिसेंबरांत फिकी पडते, तीच घडण तिला मे महिन्याच्या उन्हांत तारते. हिंवाळ्यांत गव्हासारखें हिरवें राहणारें गवत हवें असेल, तर वैशाखांत त्याला गव्हासारखें वाळतांनाहि पाहावें लागेल. हरळी लावणाऱ्यानें वर्षांतील नऊ-दहा महिन्यांची हिरवळ पदरांत पाडून घेतली आहे. उरलेले दोन महिने तिला निजूं द्यावें, आणि तेवढें पाणी पिंपांत राहूं द्यावें.